नवीं घरें आणि झांकलेले दोष

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्यानें प्रथम काढिली त्यानें घर बांधण्याचे कष्ट पुरते भोगलेले असले पाहिजेत. परंतु बुलढाणा जिल्ह्यांतील शहरांतून व मोठ्या गांवांतून आज जीं नवीं घरें उठत आहेत, तीं पाहिलीं म्हणजे या म्हणीचा अर्थच पालटला कीं काय अशी शंका येते. लोक घर बांधितात, परंतु तें पाहत नाहींत. आणि पाहूं लागतात तेव्हां पाहण्यासारखें जें कांहीं होतें तें सर्व गिलाव्याखालीं गेलेलें असतें. वास्तुशांतीच्या दिवशीं रंग, फरशी व दिवे पाहून पाहुणे वाहवा करितात. पहिला पावसाळा सरतो आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी भेग निघते. दुसऱ्या पावसाळ्यांत स्लॅब पाझरतो. तिसऱ्या वर्षीं छताचे पोपडे गळून आंतली तांबूस सळई डोकावूं लागते. ज्या घरासाठीं बँकेचा हप्ता वीस वर्षें भरावयाचा, तें घर हप्ते फिटण्यापूर्वींच म्हातारें होतें.

दोष कोणाचा म्हणून विचारिलें, तर धनी ठेकेदाराकडे बोट दाखवितो, ठेकेदार मिस्त्रीकडे, मिस्त्री रेतीकडे आणि रेतीवाला नदीकडे. नदीला वाचा नाहीं, म्हणून तेथें चौकशी संपते. आमच्या मतें ती तेथें संपूं नये. ठेकेदार लबाड आहे एवढें म्हणून मोकळें होणें सोपें आहे; परंतु ज्या व्यवहारांत कोणीच कांहीं तपाशीत नाहीं, त्या व्यवहारांत प्रामाणिक ठेकेदारहि टिकत नाहीं. जो पुरती सळई व पुरतें सिमेंट घालतो त्याचा चौरस फुटाचा भाव चढतो, आणि आपण त्याला निरोप देऊन स्वस्ताला बोलावितों. म्हणजे लबाडीचें गिऱ्हाईक आपणच आहों. हें कटु आहे, परंतु तें मान्य केल्याशिवाय पुढचा विचार होणार नाहीं.

प्रथम जमीन घ्या. आपल्या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग सर्वांस ठाऊक आहेत. घाटावर पुष्कळ ठिकाणीं थोडें खणलें कीं मुरूम वा काळा पाषाण लागतो. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत काळी माती खोलवर पसरलेली आहे. कापसाची जी आई, तीच भिंतीची सावत्र आई. ती पावसांत पाणी पिऊन फुगते, आणि वैशाखांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हें शेतकऱ्याच्या पोरालाहि माहीत असतें. परंतु तोच शेतकरी शहरांत प्लॉट घेतो तेव्हां त्याच मातींत तीन फूट पाया खणून त्यावर दोन मजले चढवितो! दरवर्षीं जमीन उचलते व बसते. मोरीच्या पाण्यानें घराचा एक कोपरा ओला राहतो, दुसरा कोरडा. मग भिंत फाटल्याशिवाय राहील कशी? उपाय अज्ञात नाहींत. पाया फुगणाऱ्या थराच्या खालीं नेणें, जोत्याखालची काळी माती काढून मुरूम थराथरानें दाबून भरणें, सर्व खांब प्लिंथ बीमनें एकत्र बांधणें, घराभोंवतीं पाणी मुरणार नाहीं अशी फरसबंदी करणें. आणि माती फारच खोल असेल तेथें बुडाशीं फुगीर असे खांब जमिनींत उतरविण्याची जी रीत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें सिद्ध केली, ती वापरणें. हे सर्व उपाय पुस्तकांत आहेत. पायांत मात्र क्वचित् उतरतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेकांठचा खारपाणपट्टा अमरावती व अकोल्याप्रमाणेंच आपल्या शेगांव, संग्रामपूर, जळगांव-जामोद व नांदुरा या तालुक्यांतहि पसरला आहे. तेथील विहिरींचें व बोअरचें खारें पाणी माणसानें पिऊं नये हें आतां सर्व मानितात. पण तेंच पाणी काँक्रीटला पाजतांना कोणी विचार करीत नाहीं. काँक्रीटच्या आंत सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक कवच असतें. मिठांतील क्लोराइड तें फोडतें, सळई गंजते, आणि गंज हा लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापीत असल्यामुळें आंतून काँक्रीट फोडून बाहेर येतो. यासाठींच भारतीय मानक ४५६ यानें सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यांत क्लोराइडची मर्यादा दर लिटरला ५०० मिलिग्रॅम ठरविली आहे. सळई नसेल तेथें ती २,००० आहे. या दोन आंकड्यांतील अंतर म्हणजे सळईच्या जिवाची किंमत होय. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेंत धाडण्याचा खर्च वास्तुशांतीच्या बुंदीहून अधिक नाहीं.

तिसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे बांधकामाचा हंगाम म्हणजे उन्हाळा. कापूस-सोयाबीनचे पैसे हातीं आलेले असतात, शेतीचीं कामें थांबलेलीं असतात, मजूर मिळतात आणि मृगापूर्वीं डोक्यावर छप्पर हवें असतें. परंतु याच दिवसांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि कित्येक गांवांत पिण्याचें पाणीहि टँकरनें येतें. काँक्रीट वाळून घट्ट होतें अशी सार्वत्रिक समजूत आहे; ती साफ चुकीची आहे. तें वाळून नव्हे, पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. उष्ण व कोरड्या हवेंत तें निदान १० दिवस, आणि राख मिसळलेलें सिमेंट असल्यास १४ दिवस सतत ओलें ठेवावें, असें तेंच मानक सांगतें. येथें मात्र सकाळीं एकदां व सायंकाळीं एकदां पाइप फिरविला कीं ‘पाणी मारलें’ असें होतें, आणि भर दुपारीं स्लॅब तापत पडतो. स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवावें, खांबांस ओलें गोणपाट गुंडाळावें, यांत कोणतीहि नवी विद्या नाहीं. ज्याला उन्हाळ्यांत एवढ्या पाण्याची खात्री नसेल त्यानें स्लॅब दिवाळीनंतर टाकावा. घर सहा महिने उशिरां झालें म्हणून अब्रू जात नाहीं.

आतां जें झांकलें जातें त्याकडे वळूं. सळई व सेंट्रिंगची फळी यांत अंतर राहावें म्हणून सिमेंटचे लहान ठोकळे ठेवावयाचे असतात. त्यांऐवजीं गिट्टीचा खडा सरकविला कीं ओतकामाच्या धांदलींत मजुराचा पाय पडून सळई फळीला टेकते, आणि तिसऱ्या वर्षींचे पोपडे त्याच क्षणीं ठरतात. मिश्रण जड वाटलें कीं त्यांत बादलीभर पाणी अधिक ओततात. काम हलकें होतें, परंतु तें पाणी उडून गेल्यावर काँक्रीटच्या पोटांत छिद्रें राहतात. रेती महाग झाली कीं मातकट रेती येते. दगडापासून केलेली रेती चालते, पण ती चाळलेली व धुतलेली. खाणीवरची भुकटी नव्हे. गोदामांत पावसाळा काढलेली सिमेंटची गोणी स्वस्त मिळते. परंतु सिमेंट म्हणजे तांदूळ नव्हे, कीं जुनें झालें म्हणून अधिक चांगलें व्हावें. तीन महिन्यांत त्याची शक्ति सुमारें पंचमांशानें घटते. सेंट्रिंगचें भाडें वाढूं नये म्हणून टेकू लवकर काढितात; वस्तुतः साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवस व त्याहून मोठ्याचे १४ दिवस काढूं नयेत असा नियम आहे. यांतील प्रत्येक दोष घडण्यास अर्धा तास पुरतो, झांकण्यास एक दिवस, आणि उघडकीस येण्यास तीन वर्षें. सर्व लबाडीचें व सर्व बेफिकिरीचें मर्म या अंतरांत आहे.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेंत विचारितों. खामगांवच्या बाजारांत चांदी कस पाहिल्याशिवाय कोणी घेतो काय? कापसाच्या गाडींत कोपरापर्यंत हात घालून ओलावा पाहिल्याशिवाय कोणी भाव बोलतो काय? जो व्यापारी गाडीभर मालासाठीं एवढी पारख करितो, तोच तीस लाखांच्या घराचा सौदा ‘चौरस फुटाला काय?’ या एका प्रश्नावर ओट्यावर बसून करितो! चौरस फूट हें क्षेत्राचें माप आहे, गुणाचें नव्हे. पाया किती खोल, सळई किती जाडीची व किती अंतरावर, सिमेंटचें प्रमाण काय, पाणी कोठलें, तें किती दिवस मारावयाचें व कोणी, हीं कलमें ज्यांत नाहींत तो करार नव्हे, ती श्रद्धा होय. आणि श्रद्धा देवळांत शोभते, व्यवहारांत नव्हे.

येथें कोणी म्हणतील, ‘पूर्वींचीं कामें पाहा. लोणारचें दैत्यसूदनाचें देऊळ पाहा, सिंदखेड राजा येथें लखुजीराव जाधवांचा वाडा पाहा. कलियुगांत सचोटीच उरली नाहीं.’ हा युक्तिवाद गोड आहे, पण पोकळ आहे. जीं देवळें टिकलीं तीं आपणांस दिसतात. जीं घरें पडलीं त्यांची मातीहि उरली नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारीच्या परिसरांत सुमारें आठ हजार माणसें मेलीं, तीं बहुतांशीं जुन्या पद्धतीच्या जाड दगडमातीच्या भिंतींखालीं. भिंत जाड होती, पण तिच्या आंतल्या व बाहेरच्या थरांस जोडणारे दगड नव्हते, आणि माथ्यावर मातीचें जड माळवद होतें. तेव्हां घर तारतें तें जुनेंपण नव्हे आणि नवेंपणहि नव्हे. लोणारच्या पाथरवटानें खालचा सांधा जुळल्याशिवाय वरचा थर चढविला नाहीं. ही शिस्त आहे, आणि शिस्त कोणत्याहि युगांत शिकतां येते.

ती नसली म्हणजे काय होतें? २४ ऑगस्ट २०२० रोजीं रायगड जिल्ह्यांतील महाड येथें तारिक गार्डन नांवाची पांचमजली इमारत क्षणार्धांत खालीं बसली आणि १६ माणसें मेलीं. भूकंप झाला नव्हता, पूर आला नव्हता, आणि इमारत बांधून एक तपहि लोटलें नव्हतें. महाड हें मुंबई नव्हे. तें आपल्या चिखली-मेहकरासारखेंच तालुक्याचें गांव आहे. आतां आपल्याहि गांवांतून दोन मजल्यांवर तिसरा व तिसऱ्यावर चौथा चढूं लागला आहे. जोंपर्यंत घर बसकें होतें तोंपर्यंत दोषाची किंमत पैशांत मोजली जात होती. मजले चढले कीं ती माणसांत मोजावी लागते.

कायदा काय करितो? सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वीं बाबिलोनच्या हम्मुराबी राजानें असें लिहून ठेविलें कीं, कच्चें घर पडून धनी मेल्यास बांधणाऱ्यास देहांत शिक्षा द्यावी. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेनें तलवार म्यान केली, पण दहा वर्षांची जबाबदारी ठेविली. आपल्याकडे १९९३ सालीं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें घरबांधणी ही ‘सेवा’ ठरविली, आणि नागरिकाच्या छळाबद्दल द्यावी लागणारी भरपाई जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावी असेंहि बजाविलें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें ताब्यापासून ५ वर्षांत बांधणीचा दोष दाखवून दिल्यास विकासकानें तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करावयाचा आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९० व्या कलमानें इमारत पाडतांना व दुरुस्त करितांना होणाऱ्या निष्काळजीपणाबरोबर बांधतांनाचा निष्काळजीपणाहि गुन्हा मानिला. जुन्या दंडसंहितेच्या २८८ व्या कलमांत ‘बांधणें’ हा शब्दच नव्हता.

परंतु स्थावर संपदा कायद्यांत ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत सदनिका असलेल्या लहान प्रकल्पांस नोंदणीची सक्ति नाहीं. आणि स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारास तर त्याचा उपयोगच नाहीं. आपल्याकडील सामान्य गृहस्थ याच रीतीनें घर बांधितो. त्याला वाट उरते ती बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत घरबांधणी ‘सेवे’च्या व्याख्येंत आहे, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस फी नाहीं. मात्र मुदत २ वर्षांची आहे, आणि दोष तिसऱ्या वर्षीं दिसला म्हणजे मुदत केव्हां सुरू झाली यावरच आधीं वाद माजतो. त्यांत पक्षकाराजवळ करार नाहीं, पावत्या नाहींत, छायाचित्र नाहीं. न्यायाधीश कितीहि सहृदय असला तरी कोऱ्या कागदावर निकाल कशाच्या आधारें लिहिणार?

श्रीमंताचें घर फाटलें तर तो दुरुस्त करील. घरकुल मिळालेल्या मजुराचें काय? केंद्राच्या २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेंत सपाट प्रदेशासाठीं १,२०,००० रुपये व किमान २५ चौरस मीटर असें माप ठरलें. हप्ता मिळतो तो टप्प्याटप्प्यानें, मोबाइलवर काढलेलें छायाचित्र पाठविल्यावर. छायाचित्रांत भिंत दिसते. भिंतींतलें सिमेंट दिसत नाहीं. राज्याच्या २०२५ च्या धोरणानें घरकुलास ५ ब्रासपर्यंत रेती विनामूल्य देण्याचें ठरविलें, हें योग्यच झालें. परंतु रेतीबरोबर तिचा उपयोग शिकविणारा माणूसहि दारीं गेला पाहिजे. ज्याला जन्मांत एकदांच घर मिळावयाचें, त्याला तें कच्चें मिळणें ही सरकारी पैशाची नासाडी तर आहेच, पण त्याहून अधिक तो त्या कुटुंबाच्या आशेचा भंग आहे.

तर मग करावयाचें काय? आमचें सर्व सांगणें दोन शब्दांत मावतें: झांकण्यापूर्वीं पाहा. पाया भरण्यापूर्वीं, स्लॅब ओतण्यापूर्वीं व गिलावा चढण्यापूर्वीं, असें तीनदां ठेकेदाराचा नव्हे तर आपला स्वतःचा अभियंता जागेवर न्यावा, आणि सळईशेजारीं मापाची टेप धरून छायाचित्र काढून ठेवावें. पुढें वाद झालाच तर हीं तीन छायाचित्रें शंभर शपथांहून अधिक बोलतील. नगरपरिषदांनीं सोप्या मराठींत नमुन्याचा करारनामा छापून परवानगीच्या कागदाबरोबर द्यावा. शेगांवचें संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय व खामगांवचें शासकीय तंत्रनिकेतन यांनीं आठवड्यांतून एक दिवस लहान घरमालकांचें पाणी, माती व काँक्रीटचे ठोकळे माफक दरांत तपासून द्यावे. विद्यार्थ्यांसहि त्यांतून पुस्तकाबाहेरची विद्या मिळेल. सिमेंटच्या व्यापाऱ्यांनीं गोणीवरचा उत्पादनाचा आठवडा गिऱ्हाइकास दाखवून माल विकावा. यांत त्यांचीच पत वाढेल. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गवंड्यास शिकवावें. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीं बांधकाम-खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो. त्यांतून प्रत्येक तालुक्यांत गवंड्यांचे वर्ग कां चालूं नयेत? ज्याच्या हातावर आपल्या मुलाबाळांचा जीव विसंबून आहे, त्याला आपण ‘अरे मिस्त्री’ म्हणून हांक मारावी, शिक्षण देऊं नये, आणि मग त्याच्या अज्ञानाबद्दल त्यालाच शिव्या द्याव्या, हा कोठला न्याय?

संत चोखामेळा यांचा जन्म देऊळगांव राजा तालुक्यांतील मेहुणा राजा येथें झाला असें परंपरा मानिते. खडकपूर्णेच्या जलाशयास आपण त्यांचेंच नांव दिलें आहे. १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चाललें असतां तें कोसळलें, आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाहि त्याखालीं गाडले गेले. नामदेवांनीं त्यांच्या अस्थि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधि बांधिली. ज्यांना गांवकुसाबाहेर ठेविलें त्यांच्याच हातून गांवकूस बांधविलें, आणि तें पडलें तेंहि त्यांच्याच अंगावर! जवळजवळ सातशें वर्षांनंतर, ४ एप्रिल २०१३ रोजीं, ठाण्याजवळ शीळफाट्यास बेकायदा घाईनें उठविलेली इमारत पडून ७४ माणसें मेलीं. त्यांतहि तीच इमारत बांधणारे मजूर व त्यांचीं मुलेंबाळें होतीं. संतांच्या पुण्यतिथीस आपण भजन करितों तें उचितच आहे; परंतु भिंत सरळ व पक्की उठविणें, आणि ती तशी उठते आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहणें, हेंहि त्या स्मरणाचेंच अंग आहे. पुढच्या वास्तुशांतीस जाल तेव्हां रंगाची वाहवा करण्यापूर्वीं यजमानास एवढेंच विचारा: हें सर्व झांकण्यापूर्वीं कोणी पाहिलें होतें काय?